स्विमिंग पूलचा आतला थर नव्याने करायचा होता, पण आधी जुना का गेला ते शोधलं: एका 22 वर्षं जुन्या पूलची पूर्ण केस

पार्श्वभूमी

घरामागचा जमिनीत बांधलेला काँक्रीटचा पूल, वय 22 वर्षं. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, उथळ बाजूला 1.1 मीटर आणि खोल बाजूला 1.9, म्हणजे सरासरी दीड मीटर धरली तर 75 हजार लिटर पाणी. बांधला तेव्हा आतून पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचं प्लास्टर होतं, जुन्या पूलमध्ये बहुतेक तेच असतं, आणि वर पाण्याच्या रेषेला टाइलची एक पट्टी. पुढे प्लास्टर खरखरीत व्हायला लागलं, पोरांचे गुडघे खरचटायला लागले, तेव्हा मालकांनी ते न काढता त्याच्यावरच इपॉक्सी पेंट मारून घेतला. त्याला आता 8 वर्षं झाली होती.

मालक म्हणजे रिटायर झालेलं जोडपं. ताईंना गुडघ्यांसाठी रोज पाण्यात चालायला सांगितलेलं, त्यामुळे हा पूल शोभेचा नव्हता, रोजच्या वापराचा होता. हे आधीच सांगतो कारण पुढे थर निवडताना याचा खूप फरक पडला. माझ्याकडे मालकांच्या बाजूने देखरेख होती, प्रत्यक्ष काम कॉन्ट्रॅक्टरच्या टीमचं.

अडचण काय होती

वरवर बघितलं तर तक्रार एकच होती, पेंट गेलाय. पोहून बाहेर आलं की तळवे आणि कपडे पांढरे व्हायचे, भिंतीवरून बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी बोटाला यायची, खोल बाजूला पेंटला फोड येऊन पोपडे निघत होते आणि पायरीजवळ तांबूस डाग. कॉन्ट्रॅक्टरचं पहिलं म्हणणं होतं की पाणी काढू, घासू, दोन हात पेंट मारू, आठवडाभरात पूल परत चालू.

मला त्यात एकच गोष्ट खटकत होती. पहिलं प्लास्टर खराब झालं, मग पेंट खराब झाला, म्हणजे दोनदा वेगवेगळं मटेरियल वापरून दोन्ही वेळा तेच झालं, तर दोष मटेरियलचा असेल कशावरून. म्हणून पूल रिकामा करायच्या आधीच पाणी तपासून घेतलं, आणि हे मी कुणालाही सांगेन की पाणी आत आहे तोवरच तपासा, एकदा सोडून दिलं की पुरावा गेला.

तपासणीत पीएच 6.9 आला, क्षारता (पीएच स्थिर धरून ठेवण्याची पाण्याची ताकद) 50 पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत 50, कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम) 50 पीपीएम आणि सायन्युरिक ॲसिड (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) 150 च्या वर. प्लास्टरच्या पूलला पीएच 7.2 ते 7.8, क्षारता 80 ते 120, हार्डनेस 200 ते 400 असा हिशोब धरतात. हे सगळे आकडे एकत्र घालून जो लँगेलियर इंडेक्स काढतात तो शून्याच्या आसपास हवा, फार तर 0.3 इकडे तिकडे, इथे तो उणे 1.5 च्याही खाली जात होता. सरळ भाषेत, पाण्यात कॅल्शियम कमी होतं म्हणून पाणी ते सिमेंटमधून ओढून घेत होतं, वर्षानुवर्षं, रोज, आणि पेंटमध्ये जिथे बारीक भोक असेल तिथून आत शिरून मागचं प्लास्टर खात होतं.

असं पाणी झालं कसं हे शोधायला वेळ लागला पण सापडलं ते अगदी साधं होतं. एक म्हणजे क्लोरीनच्या ट्रायक्लोरच्या गोळ्या, ज्या थेट स्किमरमध्ये, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडात, टाकायची सवय होती. या गोळ्या ॲसिडिक असतात, क्षारता हळूहळू संपवतात, आणि त्यातून मिळणाऱ्या दर 1 पीपीएम क्लोरीनमागे साधारण 0.6 पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात मागे राहतं जे उडून जात नाही. दुसरं म्हणजे पूल भरायचा नळ घरातल्या सॉफ्टनरच्या पुढच्या लाइनवर होता. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून ते मऊ करतो; अंघोळीला पाणी मऊ हवं म्हणून तो बसवला आणि बागेचा नळ, ज्याला पाइप लावून पूलमध्ये पाणी सोडायचे, तो पण त्याच लाइनवर गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, येणार कसं, पाणी तर स्वच्छच दिसतं.

तिसरी गोष्ट पाणी कमी होण्याची. ताई म्हणत होत्या की उन्हाने आटतं, पण बादलीची टेस्ट केली. बादलीत पूलचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवली, आतल्या आणि बाहेरच्या पातळीला खूण केली आणि पंप बंद ठेवून 24 तासांनी बघितलं. बादलीत 6 मिलिमीटर उतरलं होतं, पूलमध्ये 11. वरचे 5 मिलिमीटर म्हणजे 50 चौरस मीटरवर 250 लिटर, रोजचे. गळती होती.

कोणते पर्याय होते

ॲसिड वॉश लगेच बाद झाला, वर पेंट आहे म्हटल्यावर त्याला अर्थ नाही आणि तसंही ॲसिड वॉश म्हणजे प्लास्टरचा पातळ थर जाळून काढणं.

परत पेंट मारणं सगळ्यात स्वस्त आणि झटपट होतं, मालकांचा कल पण सुरुवातीला तिकडेच. इपॉक्सी चांगला लागला तर 5 ते 8 वर्षं जातो. पण पेंट ज्याच्यावर बसतो त्याच्याइतकाच टिकतो आणि खालचं प्लास्टरच सुटायला लागलेलं असेल तर पेंट त्याला धरून ठेवणार नाही.

खरी चर्चा झाली ती पीव्हीसी मेम्ब्रेनवर. जाडजूड, आतून जाळी असलेली दीड मिलिमीटरची शीट पूलमध्येच वेल्ड करून बसवतात, जुनं सगळं फोडायला लागत नाही, थर घट्ट होईपर्यंत थांबणं (क्युअरिंग) नाही, आणि पाण्याच्या कॅल्शियमची तिला पर्वा नाही. इथे सॉफ्टनरचा इतिहास बघता हा पर्याय खरंच तगडा होता आणि कुणी मेम्ब्रेन घेतली असती तर मी चूक म्हटलं नसतं. अडलं ते त्या तांबूस डागांपाशी. ते सळईच्या गंजाचे असतील तर मेम्ब्रेनच्या मागे गंज चालूच राहणार, आणि तो दिसणार पण नाही. म्हणून ठरवलं की आधी आतमध्ये काय आहे ते बघू, निर्णय मग.

सिमेंटच्या थरात तीन प्रकार होते. साधं पांढरं प्लास्टर, जे नीट सांभाळलं तर 10 वर्षांच्या आसपास जातं, क्वार्ट्झचे बारीक कण घातलेलं प्लास्टर जे त्याहून टणक, आणि पेबल म्हणजे बारीक गोटे दिसणारा थर, सगळ्यात टिकाऊ. पूर्ण टाइल हा पण एक पर्याय होता, त्याचं आयुष्य सगळ्यात जास्त, पण खर्च कितीतरी पट आणि सिमेंटचा बेस एकदम सरळ लागतो, तो या पूलमध्ये नव्हता. पेबलचा नमुना ताईंना पायाखाली ठेवून उभं राहायला सांगितलं, त्या दोन मिनिटांत म्हणाल्या, "यावर रोज अर्धा तास चालायचं? नाही जमणार." तो विषय तिथेच संपला. नमुना हातात घेऊन बघू नका, अनवाणी त्याच्यावर उभे राहा.

पूल रिकामा करण्याचा निर्णय

या भागाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होऊ शकतं. भरलेल्या पूलमधलं 75 टन पाणी त्या काँक्रीटला खाली दाबून धरत असतं. ते काढलं आणि जमिनीतल्या पाण्याची पातळी तळाच्या वर असली तर बाहेरचं पाणी तळाला वर ढकलतं. दर 30 सेंटिमीटर पाण्याला चौरस मीटरमागे 300 किलो, म्हणजे 50 चौरस मीटरच्या तळावर 15 टन. तळ तडकू शकतो, आणि पातळी फारच वर असेल तर आख्खा पूल जमिनीतून वर उचलला जातो.

मेन ड्रेनच्या, म्हणजे तळातून पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, खड्ड्यात असा दाब सोडायला एक व्हॉल्व्ह असतो, पण 22 वर्षांनी तो चालतोय की जाम झालाय हे पाणी उतरल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर न राहता पूलच्या खोल बाजूला शेजारी एक खड्डा खणून घेतला. नुकताच पाऊस होऊन गेला होता, खड्ड्यात 1.6 मीटरवर पाणी लागलं. पूलचा तळ त्याच्या खाली होता. कॉन्ट्रॅक्टरची टीम मोकळी होती, त्यांना लगेच चालू करायचं होतं, थोडी वादावादी पण झाली, पण थांबलो. पाणी अडीच मीटरच्या खाली गेल्यावरच पंप लावला, आणि काम संपेपर्यंत रोज सकाळी खड्ड्यात काठी घालून बघणं चालू ठेवलं. व्हॉल्व्ह निघाला जामच.

पाणी सोडण्याआधी क्लोरीन शून्यावर येऊ दिलं आणि सांडपाण्याच्या लाइनमध्ये हळूहळू सोडलं. रिकाम्या पूलभोवती पहिल्याच दिवशी कठडा लावून घेतला, रिकामा पूल हा पाण्याने भरलेल्या पूलपेक्षा कमी धोकादायक नसतो.

आत काय सापडलं, आणि पूर्ण फोडायचं की नाही

मिस्त्री हातोडीने तळ वाजवत निघाले आणि मागून एक पोरगा खडूने गोल करत गेला. जिथे प्लास्टर धरून आहे तिथे टणटण वाजतं, जिथे सुटलंय तिथे बद्द. ताई काठावर उभ्या होत्या, मिस्त्री म्हणाले, "ताई, नुसता आवाज ऐका, तुम्हालाच कळेल," आणि खरंच कळत होतं. खोल बाजूचा तळ आणि त्याच्या लगतची भिंत, जवळपास एक तृतीयांश भाग बद्द वाजला.

इथे दुसरा मोठा निर्णय. कॉन्ट्रॅक्टर म्हणाले बद्द वाजतंय तेवढंच फोडू, बाकीच्यावर बाँडिंग कोट (जुन्याला नवा थर चिकटवणारा लेप) मारून नवीन थर चढवू. बऱ्याच ठिकाणी असं करतात आणि जुनं प्लास्टर उघडं, घट्ट असेल तर चालतंही. पण इथे मध्ये पेंट होता. बाँडिंग कोट पेंटला कितीही घट्ट चिकटला तरी पेंट स्वतः प्लास्टरला किती चिकटलाय यावर सगळं येतं, आणि तो तर पोपडे देत होता. शिवाय जुन्यावर आणखी 10 मिलिमीटर चढवले की पाण्याचे इनलेट, लाइटचा गाळा आणि टाइलची पट्टी सगळं आत बुडाल्यासारखं होतं, मग कडा कापत बसा. मालकांना हे कागदावर काढून दाखवलं आणि पूर्ण फोडायचं ठरलं. खर्च वाढला, तो वाढतोच, पण हा एक निर्णय मी परत तसाच घेईन.

फोडल्यावर तीन गोष्टी समोर होत्या. लाइटच्या गाळ्याभोवती आणि पायरीच्या कोपऱ्यात सळई गंजली होती, मूळ बांधणीत तिथे सळईवर काँक्रीटचं कव्हरच कमी पडलं होतं. म्हणजे तांबूस डागांचं उत्तर मिळालं आणि मेम्ब्रेन न घेतल्याचं समाधान पण. गंजलेल्या ठिकाणी काँक्रीट सळईच्या मागे 25 मिलिमीटरपर्यंत फोडून, सळई चकचकीत होईपर्यंत घासून, गंजरोधक कोट देऊन न आकसणाऱ्या मॉर्टरने भरलं.

दुसरी म्हणजे खोल बाजूच्या भिंतीत एक उभी चीर. चीर जुनी आणि स्थिर आहे की अजून हलतेय हे ओळखणं महत्त्वाचं, कारण हलणाऱ्या चिरेवर कुठलाही थर घातला तरी तो तिथेच फुटणार. तिच्यावर आडव्या पीओपीच्या पातळ पट्ट्या लावल्या, चीर हलली तर पट्टी तडकते. फोडाफोडी आणि सळईचं काम चालू होतं तेवढे दिवस पट्ट्या राहिल्या, एकही तडकली नाही, मग चीर इंग्रजी व्हीच्या आकारात कापून हायड्रॉलिक सिमेंटने (पाण्यातही झटकन घट्ट होणारं सिमेंट) बंद केली.

तिसरी गळती. ही पाणी असतानाच रंग सोडून बघितली होती, सिरिंजने रंगाचे थेंब स्किमरच्या तोंडाशी सोडले तर ते प्लॅस्टिक आणि काँक्रीटच्या सांध्यात ओढले गेले. पाइपलाइनची प्रेशर टेस्ट पण करून घेतली, ती ठीक निघाली. नवीन थराखाली पाइप गळत असला तर तो थर फोडण्यावाचून इलाज राहत नाही, त्यामुळे ही टेस्ट प्लास्टरच्या आधीच.

थर चढवण्याचा दिवस

निवडलं क्वार्ट्झवालं प्लास्टर, फिकट करड्या रंगात. आतलं क्षेत्रफळ 95 ते 100 चौरस मीटर, जाडी 10 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक घनमीटर माल, पण तो एकाच दिवसात सलग चढला पाहिजे, मध्ये थांबलं की सांधा कायमचा दिसतो. ठरलेल्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला. मिस्त्रींनीच सांगितलं की आज नको, वरचा पापुद्रा आधी सुकेल आणि बारीक चिरा पडतील. पुढे ढकललं. असा मिस्त्री मिळणं हीच अर्धी कमाई आहे.

काम करताना दोन गोष्टींवर डोळा ठेवला. कॅल्शियम क्लोराइड, माल लवकर धरावा म्हणून घालतात, तो सिमेंटच्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रंगात ढग ढग दिसतात. आणि घोटताना पृष्ठभागावर पाणी शिंपडायचं नाही. माल ओढायला लागला की थापी सरकत नाही, मग हात आपोआप पाण्याच्या डब्याकडे जातो, आणि तेच पाणी वरचा थर कमजोर करतं. काँक्रीट आधी ओलं केलेलं हवं, पण पाणी साचलेलं नको. बाकी घोटाई त्यांनी सुंदर केली.

पाणी भरणं आणि पहिला महिना

दुसऱ्या दिवशी भरायला सुरुवात. आता नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवरून घेतलेला. पाइपचं टोक गोणपाटात गुंडाळून सगळ्यात खोल जागी ठेवलं म्हणजे धार प्लास्टरवर आपटत नाही. मिनिटाला 50 लिटर धरले तर 75 हजार लिटरला 25 तास, आणि मध्ये बंद करायचं नाही, थांबलं तिथे भिंतीवर रेघ उमटते. रात्रीची पाळी लावून भरलं.

नवीन प्लास्टर पहिले काही आठवडे पाण्यात चुना सोडत राहतं, पीएच सारखा वर पळतो. रोज तपासून बादलीभर पाण्यात थोडं ॲसिड मिसळून सोडायचं, पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा सगळ्या भिंती आणि तळ ब्रशने घासला, पहिले तीन दिवस फिल्टर अखंड चालू, आणि चाकांचा व्हॅक्यूम दोन आठवडे आत उतरवला नाही. घासणं कंटाळवाणं आहे, मालकांनी ते मनापासून केलं, रोज सकाळी काका एका बाजूने आणि ताई दुसऱ्या बाजूने. थर आज एकसारखा दिसतो त्यात या घासण्याचा वाटा मोठा आहे.

गोळ्या बंद केल्या, आता द्रव क्लोरीन वापरतात आणि सायन्युरिक ॲसिड 30 ते 50 मध्ये ठेवतात.

निकाल

वर्षभराने परत तपासलं. पीएच 7.6, क्षारता 90, हार्डनेस 250, इंडेक्स जवळपास शून्यावर. बादलीच्या टेस्टमध्ये बादली आणि पूल सारखेच उतरले. पृष्ठभाग गुळगुळीत, हाताला भुकटी लागत नाही, कुठे बद्द आवाज नाही. टाइलच्या पट्टीखाली एक केसाएवढी चीर आहे ती आकसण्याची, तिचं काही करायची गरज नाही. ताईंचं रोजचं चालणं सुरू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

नळाचं पाणी भरण्याआधी लोहासाठी तपासायला हवं होतं. सॉफ्टनर टाळल्यावर कच्चं पाणी थेट आलं, त्यात थोडं लोह होतं, आणि पहिल्याच महिन्यात पायरीवर पिवळसर छटा आली. व्हिटॅमिन सीची गोळी डागावर धरली तर तो फिका झाला, म्हणजे लोहच, मग ॲस्कॉर्बिक ॲसिडने काढला. आधी कळलं असतं तर भरतानाच पाइपला फिल्टर लावता आला असता.

टाइलची जुनी पट्टी ठेवली ती खर्च वाचवायला. तेव्हा ती घट्ट होती, पण नवीन थराचं आयुष्य तिच्यापेक्षा जास्त आहे, आणि पुढे ती सुटली तर काढताना खालच्या नव्या प्लास्टरची कड दुखावणार. दोन्ही एकत्र केलं असतं तर बरं.

आणि मेन ड्रेन. या पूलला तळात एकच ड्रेन आहे. झाकण नवीन, माणूस किंवा केस ओढून धरणार नाही असं बसवलं, जुनं तडकलेलंच होतं. पण तळ फोडलेला होता, पाइप उघडा होता, तेव्हा 90 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतरावर दुसरा ड्रेन काढून दोन्ही एकाच लाइनला जोडता आले असते, म्हणजे एक झाकला गेला तरी सगळी ओढ त्याच्यावर येत नाही. मी सुचवलं होतं, वाढत्या खर्चात ते मागे पडलं. सुट्टीत नातवंडं येतात, त्यामुळे हे मला अजून टोचतं. तोपर्यंत उपाय म्हणून ड्रेनचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून बरीचशी ओढ स्किमरकडे वळवलीय, पंपाचं बंद करायचं बटण पूलच्या काठावरून हात पोचेल असं आणलंय, आणि झाकणाचे स्क्रू दर महिन्याला कुणीतरी बुडी मारून हाताने हलवून बघतं.